सोपाऱ्याच्या स्तूपाशी कथा आणि पुरावा यांची गल्लत नको

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला, जुन्या सोपारा गावाच्या कडेला, विटांचा एक प्राचीन स्तूप आहे. गावकरी त्या उंचवट्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले होते आणि १८८२ पर्यंत त्याच्या पोटात काय दडले आहे याची कोणाला कल्पना नव्हती. आज ही जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. वैशाख पौर्णिमेला येथे दूरदूरहून उपासक-उपासिका येतात, शाळांच्या सहली येतात, इतिहासाची आवड असलेली माणसे रिक्षावाल्याला पत्ता विचारत येऊन पोहोचतात. या सर्वांच्या कानावर तीन गोष्टी हमखास पडतात. बुद्धांच्या हयातीत पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने हा विहार उभारला, स्वतः तथागत येथे येऊन राहून गेले, आणि सम्राट अशोकाची मुले महेंद्र व संघमित्रा याच बंदरातून श्रीलंकेला निघाली. तिन्ही गोष्टी इतिहास म्हणून, घडलेल्या घटना म्हणून सांगितल्या जातात.

माझे म्हणणे असे आहे की या तिन्हींपैकी एकही गोष्ट इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही, आणि तरीही पहिल्या दोन गोष्टी सोपाऱ्याने कधीही विसरू नयेत. मात्र त्या कथा म्हणून सांगाव्यात, आणि जमिनीतून निघालेला व दगडावर कोरलेला जो पुरावा आहे तो पुरावा म्हणून वेगळा सांगावा. आज या दोहोंचा काला झाला आहे. त्यात कथेची गोडी जाते आणि पुराव्याचे वजनही जाते.

आधी कथा पाहू, कारण ती खरोखरच सुंदर आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात ती येते. शूर्पारक नगरात (हे सोपाऱ्याचे संस्कृत नाव, पालीत सुप्पारक) भव नावाचा धनिक राहत असे. त्याच्या आजारपणात बायकामुलांनी पाठ फिरवली, तेव्हा एका दासीने त्याची शुश्रूषा केली; त्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. बापाच्या मागे घराची वाटणी झाली आणि दासीपुत्राच्या वाट्याला काहीच आले नाही. पुढे रस्त्यावर लाकडाचा भारा घेऊन थंडीने कुडकुडत चाललेला एक माणूस पूर्णाला दिसला. तो थंडीने नव्हे, भाऱ्यातल्या गोशीर्ष चंदनाच्या शीतलतेने कापत होता, हे ओळखण्याइतकी व्यापाऱ्याची नजर पूर्णाकडे होती. त्याच चंदनाने त्याने राजाचा दाहज्वर उतरवला आणि तो श्रीमंत झाला. एका सागरी सफरीत श्रावस्तीचे व्यापारी जहाजावर पहाटे बुद्धवचने म्हणत होते. ती ऐकून तो अस्वस्थ झाला, श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला. नंतर त्याचा भाऊ भाविल चंदनाच्या बेटावर गेला असता यक्षाने वादळ उठवले आणि पूर्णाने ऋद्धिबलाने तेथे पोहोचून सर्वांना वाचवले. त्या वाचलेल्या चंदनातून शूर्पारकात ‘चंदनमाला’ नावाचा प्रासाद उभा राहिला आणि पूर्णाच्या निमंत्रणावरून तथागत भिक्खुसंघासह आकाशमार्गाने तेथे आले.

ही कथा पश्चिम भारतात किती रुजली होती याचा पुरावा अजिंठ्यात आहे. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या भिंतीवर समुद्रात संकटात सापडलेले जहाज रंगवलेले आहे. जहाजावर हात जोडून बसलेला पूर्णाचा भाऊ आहे आणि सफरीसाठी घेतलेल्या रांजणांची ओळसुद्धा चित्रकाराने सोडलेली नाही. म्हणजे पाचव्या शतकात सह्याद्रीपलीकडच्या कलावंतांना, आणि त्यांना दान देणाऱ्यांना, सोपाऱ्याच्या या दासीपुत्राची गोष्ट ठाऊक होती, एवढे निर्विवादपणे म्हणता येते. कथेचा इतिहास असा सापडतो आणि तो भक्कम असतो. कथेतली घटना घडली होती का, हा त्याहून निराळा प्रश्न आहे.

या निराळ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कथा कशी वाढत गेली ते पाहावे लागते. पाली ‘मज्झिमनिकाया’त पुण्णाला (पूर्णाचे पाली नाव) दिलेल्या उपदेशाचे सुत्त आहे. त्यात चंदनाचा प्रासाद नाही, आकाशमार्गाने येणे नाही, सोपाऱ्याचे नावही नाही. पुण्ण सुनापरंत नावाच्या प्रदेशात जाण्याची परवानगी मागतो, एवढेच आहे. तथागत त्याला विचारतात की तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर तू काय म्हणशील? पुण्ण म्हणतो, मी म्हणेन की हे लोक भले आहेत, त्यांनी मला हाताने मारले नाही. हाताने मारले तर? ढेकळांनी मारले नाही. ढेकळांनी मारले तर? दांडक्याने मारले नाही. प्रश्न शस्त्रापर्यंत आणि शेवटी जिवापर्यंत जातात आणि उत्तरांचा सूर एकदाही बदलत नाही. पुढे त्या प्रदेशात पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका यांना धम्ममार्गावर आणले, असे सुत्त सांगते. पुण्ण हा सुप्पारक बंदरातला, ही जोड त्या सुत्तावर नंतर लिहिलेल्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, मिळते. तथागतांनी परतीच्या वाटेवर नम्मदा नदीच्या काठी आणि सच्चबद्ध पर्वतावर पदचिन्हे उमटवली, ही भरही तिच्यातच आहे.

आणि येथे सोपारेकरांना फारशी माहीत नसलेली एक गोष्ट येते. म्यानमारमधील मिनबू परिसरातले लोक सुनापरंत म्हणजे आपलाच प्रदेश असे मानतात. तेथल्या श्वेसेत्तॉ येथील दोन पदचिन्हे हीच त्या कथेतली पदचिन्हे, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि जवळच्याच लेगाइंग येथे चंदनाचा विहार होता असे ते सांगतात. थायलंडमधील सराबुरीचे प्रसिद्ध पदचिन्हही याच कथेच्या आधारावर पूजले जाते. लाखो लोक तेथे यात्रेला जातात. आता, कथा आहे म्हणून घटना घडली, असे आपण सोपाऱ्याच्या बाबतीत म्हणणार असू, तर त्याच न्यायाने ती मिनबूलाही घडली आणि सराबुरीलाही घडली. एकाच कथेवर तीन देश हक्क सांगतात, तेव्हा त्यांच्यातला खरा कोण हे ठरवण्याचे साधन कथेत असूच शकत नाही. ते कथेच्या बाहेरच शोधावे लागते. सोपाऱ्याच्या बाजूने बोलायचे तर अशी बाहेरची साधने त्याच्याकडे भरपूर आहेत, आणि आपण नेमकी तीच मागे सारून कथेच्या भरवशावर उभे राहतो, याचे मला वाईट वाटते.

महेंद्र आणि संघमित्रा यांच्याविषयीच्या तिसऱ्या विधानाला तर कथेचाही आधार नाही. श्रीलंकेचा पाली इतिवृत्तग्रंथ ‘महावंस’ म्हणतो की महेंद्र विदिशेजवळच्या पर्वतावरून आकाशमार्गाने लंकेत गेला आणि संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन पूर्व किनाऱ्यावरच्या ताम्रलिप्तीहून जहाजाने निघाली. त्याच ग्रंथात सोपाऱ्याचे नाव येते, पण ते विजय नावाच्या राजपुत्राच्या संदर्भात. देशोधडीला लागलेला विजय सुप्पारकाला उतरला आणि त्याच्या साथीदारांच्या दांडगाईमुळे त्याला तेथूनही गलबत हाकारावे लागले. अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रचारासाठी अशोककाळात योनक धम्मरक्खित नावाच्या भिक्खूला पाठवले, असेही महावंस सांगतो. म्हणजे अशोककाळातला ज्येष्ठ भिक्खू मोग्गलिपुत्त तिस्स याने धाडलेला, यवन वंशाचा एक भिक्खू आपल्या किनाऱ्यावर आला अशी परंपरा असताना आपण ती सोडून देतो आणि दुसऱ्या बंदराची गोष्ट उचलून आपल्या बंदराला चिकटवतो. हे कशासाठी?

आता जमिनीने काय दिले ते पाहू. जुनागढला जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले विद्वान पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिल महिन्यात हा उंचवटा खोदला. मधोमध विटांची बांधीव कोठी निघाली आणि तिच्यात दगडाची गोल पेटी होती. पेटीचे झाकण उचलल्यावर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती कडे करून बसवलेल्या आठ छोट्या धातुमूर्ती दिसल्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक, त्याच्यात दगडाचा, त्याच्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, अशी ती रचना होती. सोबत सोन्याची फुले, मणी आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक नाणे होते. आणि इतक्या निगुतीने, एकात एक पाच आवरणांत जपलेली वस्तू कोणती होती? मातीच्या भांड्याच्या काही बारीक खापऱ्या. कोणी बाजारात फुकट दिल्या तरी घेतल्या नसत्या अशा त्या खापऱ्या सोन्याच्या डबीत ठेवलेल्या होत्या. त्या बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असा अर्थ भगवानलालांनी लावला आणि तो पटण्यासारखा आहे, कारण त्या डबीत ठेवण्याच्या लायकीची मातीची दुसरी वस्तू त्या काळच्या श्रद्धावंताला सुचली नसती.

येथेही जरा थांबून वाक्य नीट मांडले पाहिजे. त्या खापऱ्या बुद्धांच्या पात्राच्या होत्या, हे पुराव्याने म्हणता येत नाही. भिक्षापात्राविषयीची बौद्ध परंपरा स्वतःच अनेक तोंडांनी बोलते. चार लोकपालांनी दिलेली चार दगडी पात्रे तथागतांनी एकत्र दाबून एक केली, अशी एक आख्यायिका आहे, आणि चिनी यात्रेकरू फाहियान याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी बुद्धांचे अखंड पात्र पुरुषपूर, म्हणजे आजच्या पेशावर, येथे पुजले जात असल्याचे लिहून ठेवले आहे. मग सोपाऱ्याविषयी खात्रीने म्हणता येईल ते एवढेच की इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर येथल्या श्रद्धावंतांनी या खापऱ्यांना बुद्धांच्या वस्तूचा मान दिला आणि आपल्या ऐपतीचे सोने त्यांच्याभोवती लावले. यज्ञश्रीचे नाणे या तारखेला आधार देते. स्तूप बुद्धकालीन किंवा अशोककालीन आहे असे ठामपणे सांगणाऱ्याला या नाण्याचे काय करायचे, याचे उत्तर द्यावे लागेल. मूळचा छोटा स्तूप पुढे वाढवला असेल, हे शक्य आहे. पण शक्यता आणि सिद्धता यांच्यात जे अंतर असते ते श्रोत्याला सांगितले पाहिजे.

त्या आठ मूर्तींनी तर याहूनही मोठी गोष्ट सांगितली आहे, आणि सोपाऱ्याला येणाऱ्या दहांतल्या नऊ माणसांच्या कानावर ती जात नाही. विपश्यीपासून शाक्यमुनींपर्यंतचे सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय असा त्यांचा क्रम आहे. त्यांची शैली साधारण आठव्या-नवव्या शतकाची आहे. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपास बंद झालेली पेटी सहाशे-सातशे वर्षांनी कोणीतरी पुन्हा उघडली, जुन्या वस्तू जशाच्या तशा ठेवल्या, त्यांच्याभोवती नव्या मूर्तींचे कडे बसवले आणि पेटी पुन्हा बंद करून स्तूप बुजवला. ज्यांनी हे केले त्यांना आत काय आहे हे माहीत होते, किंवा उघडल्यावर त्याचा अर्थ त्यांना कळला. त्यांनी सोने काढून नेले नाही. सातवाहन गेले, क्षत्रप गेले, कोकणात एकामागून एक राजवटी आल्या, आणि तरीही या जागेची आठवण आणि निष्ठा एवढ्या दीर्घ काळ टिकून राहिली. तथागत आकाशमार्गाने आले, या वाक्यापेक्षा मला हे वाक्य अधिक थरारून सोडणारे वाटते, कारण यात नावगाव नसलेली पण हाडामासाची माणसे आहेत, आणि त्यांच्या हातांनी ठेवलेल्या वस्तू आज आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

लेण्यांमधले लेख या चित्रात रंग भरतात. नाणेघाटातल्या एका पाण्याच्या टाक्यावर ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे कोरले आहे. घाट चढून दमलेल्या बैलांना आणि माणसांना पाणी मिळावे म्हणून समुद्रकाठच्या माणसाने केलेले हे दान. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याहून आलेल्या, धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणाऱ्याने, दिलेला स्तंभ आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे सोपारा, येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्याच लेखात शोर्पारगाच्या रामतीर्थावरील चरकांच्या, म्हणजे फिरत्या ब्राह्मण तपस्व्यांच्या, परिषदेला नारळीच्या बागेचे दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या काळी हा स्तूप गजबजलेला होता त्याच काळी, त्याच गावात, दुसऱ्या परंपरेचे तीर्थही नांदत होते आणि एकच दाता दोन्हीकडे हात सैल सोडत होता. महाभारतातल्या तीर्थयात्रेत शूर्पारक येते, जैन परंपरेत सोपाऱ्याला तीर्थाचे स्थान आहे, आणि १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना युरोपातून आलेला धर्मोपदेशक फ्रायर जॉर्डानुस याने सोपाऱ्यालाच आणून पुरले. एवढ्या परंपरांनी पवित्र मानलेले गाव कोकणात दुसरे सहज सापडणार नाही.

अशोकाचा पुरावाही सोपाऱ्यात आहे. त्यासाठी महेंद्राला येथून जहाजात बसवण्याची गरज नाही. १८८२ मध्येच भगवानलालांना सोपाऱ्यात काळ्या बेसाल्टचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावरची ब्राह्मी अक्षरे अशोकाच्या आठव्या शिलालेखाची निघाली. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठवा लेख गिरनार, कालसी यांसारख्या ठिकाणी पूर्ण मिळाला असल्याने त्याचा आशय आपल्याला नीट ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत शिकार आणि तसल्याच करमणुकी होत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे राजा सांगतो. या यात्रेत काय होते तेही तो सांगतो. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना द्रव्यसाहाय्य, गावोगावच्या जनांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस. बौद्ध यात्रा कशी असावी याचे, यात्रा करणाऱ्यानेच लिहवून घेतलेले, इतके जुने वर्णन दुसरे नाही, आणि त्याची एक प्रत सोपाऱ्याच्या दगडावर होती. नवव्या लेखात आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात त्या नाना मंगलविधींना राजा अल्पफल म्हणतो, आणि दास व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम यांना खरे मंगल ठरवतो. सोपाऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूच्या हाती हे दोन लेख मराठी अर्थासह पडले, तर महेंद्र-संघमित्रेची उसनी गोष्ट त्याला लागणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. १९५६ नंतर बौद्ध धम्माकडे परतलेल्या समाजाचा इतिहास शतकानुशतके पुसला गेला. लेण्यांना पांडवांची नावे दिली गेली, स्तूपाला कोट म्हटले गेले. त्या समाजाला आपल्या भूमीत तथागतांचा स्पर्श सापडला, की लगेच कोणीतरी ‘ही दंतकथा आहे’ म्हणून पुढे येतो; परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवले ही गोष्ट मात्र पर्यटनाच्या माहितीत बिनदिक्कत छापली जाते. या तक्रारीत पूर्ण तथ्य आहे. शूर्पारकाची भूमी परशुरामासाठी समुद्राने दिली ही कथा आणि शूर्पारकात तथागत आले ही कथा, दोन्हींना एकच माप लावले पाहिजे. एकीला परंपरा म्हणून आदर आणि दुसरीला दंतकथा म्हणून हेटाळणी, हे चालणार नाही. पण यावरचा उपाय दोन्ही कथांना इतिहास म्हणणे हा नव्हे. उपाय दोन्हींना कथा म्हणणे हाच आहे, आणि त्यानंतर उरलेल्या पुराव्याच्या बळावर बौद्ध सोपारा कोणाच्याही मेहेरबानीवाचून उभा राहतो.

शिवाय कथेला प्रश्न विचारणे ही बाहेरून लादलेली गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा प्रश्नांकित केली आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत राजपुत्राने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आणि शाक्य-कोलियांच्या पाणीवादाशी जोडलेले कारण मांडले. त्यामुळे तथागतांचे मोठेपण त्यांच्या लेखी तसूभरही कमी झाले नाही. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी सोपाऱ्यात प्रश्न विचारायला कचरावे, हे मला उमगत नाही. आणि सोपाऱ्याचा उल्लेख असलेल्या एका जुन्या पाली कथेचा विषय नेमका हाच आहे. ‘उदान’ ग्रंथातला बाहिय दारुचीरिय सुप्पारकाला समुद्रकाठी राहत असे. लोक त्याला मान देत, पूजत, आणि आपण अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालो आहोत असे त्यालाही वाटू लागले. तू अर्हत नाहीस आणि त्या वाटेवरही नाहीस, हे त्याला स्पष्ट सांगितले गेले, तेव्हा तो उठला आणि थेट श्रावस्तीला पोहोचला. भिक्षेला निघालेल्या तथागतांकडून त्याने जो उपदेश मिळवला त्याचा आरंभ असा आहे: पाहिलेल्यात केवळ पाहिलेलेच असू दे, ऐकलेल्यात केवळ ऐकलेलेच. पूर्णाच्या चंदनप्रासादाच्या गर्दीत हा बाहिय हरवून गेला आहे. वैशाख पौर्णिमेला स्तूपासमोर त्याची गोष्ट सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

राहिला प्रश्न करंडकाचा. १८८२ मध्ये निघालेली पेटी, करंडक, मूर्ती आणि खापऱ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या आणि सोसायटीनेच त्या सांभाळल्या. त्या संस्थेने हे सांभाळले नसते तर कदाचित आज काहीच उरले नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. पण स्तूप एकीकडे आणि त्याचे हृदय दुसरीकडे, ही स्थिती कायमची असण्याचे कारण नाही. सांचीचा दाखला समोर आहे. बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थिधातू १८५१ च्या उत्खननानंतर इंग्लंडला गेले होते; ते परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्याच चेतियगिरी विहारात ठेवले गेले. आता दरवर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे दर्शन होते. सारनाथला तर १९१० मध्येच उत्खननातल्या वस्तूंसाठी जागेवर संग्रहालय बांधले गेले. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाच्या स्तूपातली रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावातून मागे घेतली गेली आणि भारतात परतली, तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले. हाँगकाँगहून रत्ने येऊ शकतात, तर मुंबईच्या फोर्टातून नालासोपाऱ्याला करंडक येणे अशक्य कसे असेल?

मात्र तो उघड्या मांडवात येऊ नये. आधी सोपाऱ्यात नीट बांधलेले, हवामान व सुरक्षा यांची सोय असलेले स्थलसंग्रहालय हवे, तेथे अभ्यासू माणसे नेमलेली हवीत, आणि मालकी, जबाबदारी व दर्शनाचे दिवस हे सोसायटी, पुरातत्त्व खाते आणि बौद्ध संघटना यांनी एकत्र बसून लेखी ठरवावेत. तोवर अचूक प्रतिकृती, मोठी छायाचित्रे आणि खरे वर्णन स्तूपाजवळ लावायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्या फलकावर दोन रकाने करावेत: एकात ग्रंथांत काय सांगितले आहे, कोणत्या ग्रंथात, साधारण कोणत्या काळात, दुसऱ्यात येथे काय सापडले, कधी, कोणाला. सहलीला आलेला सातवीतला मुलगासुद्धा हा भेद सहज समजेल; मुलांना तो समजणार नाही असे मोठ्यांनाच उगाच वाटत असते.

याहून तातडीची गोष्ट जमिनीची आहे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असा कायदा आहे. पण प्राचीन सोपारा स्तूपाभोवतीच्या ३०० मीटरांत मावणारे गाव नव्हते. ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी मार्गदर्शक ग्रंथाच्या ग्रीक लेखकाने नाव घेतलेले, अरब भूगोलकारांना ठाऊक असलेले ते बंदर खाडी गाळाने भरत गेली तसे विझले आणि त्याचे अवशेष सोपारा, गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात शेतांखाली, तलावांच्या काठांखाली आणि आता इमारतींच्या पायांखाली गेले आहेत. नवव्या शिलालेखाचा तुकडा स्तूपाच्या कुंपणात मिळाला नव्हता, तो भुईगावात मिळाला होता. अशोकाचे असे चौदा लेख इतरत्र एकत्र कोरलेले आढळतात. सोपाऱ्यातले आपल्याकडे दोनच आहेत आणि तेही तुटके. बाकीचे दगड असतील तर ते याच पट्ट्यात असतील. वसई-विरार महापालिकेने या गावांत नवा पाया खोदण्यास परवानगी देण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाकडून पाहणी सक्तीची करावी, खोदताना कोरीव दगड किंवा जुनी वीट लागली तर काम थांबवणाऱ्या बिल्डरला दंडाऐवजी मुदतवाढ द्यावी, आणि ही तरतूद पुढच्या विकास आराखड्यात लेखी यावी, यासाठी सोपाऱ्यावर प्रेम करणाऱ्या सर्व पंथांच्या लोकांनी आता पाठपुरावा केला पाहिजे. पूर्णाची कथा पुढची हजार वर्षे तोंडातोंडी टिकेल. जेसीबीच्या बादलीत गेलेला शिलालेख मात्र परत मिळणार नाही.